बाजाराची पाहणी आणि रत्नागिरीचा हापूस

एप्रिलच्या अखेरीस रत्नागिरीच्या बंदरावर जाऊन उभें राहणाऱ्यास एके काळीं एक दृश्य हटकून दिसे. किनाऱ्यावर लांकडी पेट्यांच्या राशी लागलेल्या असत. पेटींत भाताचा पेंढा, पेंढ्यांत थर लावून बसविलेलीं हापुसाचीं फळें, आणि झांकणावर शाईनें लिहिलेलें मुंबईच्या दलालाचें नांव. या पेट्या पडावांतून खोल पाण्यांत उभ्या असलेल्या आगबोटीवर चढत, भोंगा वाजे, आणि बागायतदार घरीं परते. पुढें कांहीं दिवसांनीं टपालानें एक कागद त्याच्या हातीं पडे. त्या कागदास पट्टी म्हणत. पेट्या इतक्या, भाव अमुक, वजा भाडें, वजा हमाली, वजा अडत, बाकी तमुक. एवढ्या चार ओळींत वर्षाच्या कष्टांचा निकाल लागे.

या पट्टींत कांहीं गोष्टी मात्र कधींच लिहिलेल्या नसत. फळ कोणाच्या घरीं गेलें, तेथें तें केव्हां कापलें, कापल्यावर कसें निघालें, मुलांनीं आणखी एक फोड मागितली कीं पहिलीच ताटांत ठेवून दिली, यांतील एकही गोष्ट रत्नागिरीपर्यंत परत येत नसे. माल जाई, पैसा येई. पण बातमी येत नसे. झाडाविषयीं ज्याला सारें कांहीं ठाऊक होतें, त्याला आपल्या ग्राहकाविषयीं जवळजवळ कांहींच ठाऊक नव्हतें. ही उणीव भरून काढण्याच्या शास्त्रास आज बाजारपेठेचें संशोधन असें भारदस्त नांव मिळालें आहे. त्या शास्त्राचा कोंकणांतील एक जुना आणि बोधप्रद प्रयत्न येथें सांगावयाचा आहे.

नांव भारदस्त असलें तरी वस्तु घरगुती आहे. मंडईंत गेलेली गृहिणी आंबा हातांत घेते, देठापाशीं नाक नेते, अंगठ्यानें किंचित् दाबून पाहते, शेजारच्या दुकानांत भाव विचारते, आणि गेल्या खेपेस कोणाच्या पेटींतील फळें आंबट निघालीं हें मनांत ठेवून मग पैसे मोजते. ही पाहणीच आहे. फरक इतकाच, कीं तिचा शोध एका घरापुरता असतो आणि तो कागदावर उतरत नाहीं. तोच शोध हजार घरांच्या वतीनें, अगोदर प्रश्न ठरवून, पद्धतशीर नोंदी ठेवून केला आणि त्याचा निष्कर्ष ज्यानें माल पिकविला त्याच्यापर्यंत पोंचविला, म्हणजे त्यास संशोधन म्हणतां येईल.

हापुसाचें मूळ सर्वांस परिचित आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं आंब्यावर कलम बांधण्याची विद्या वाढविली आणि त्यांच्या अफॉन्सो द आल्बुकेर्क या सेनानीचें नांव या जातीस मिळालें. त्या नांवाचा मराठी उच्चार हापूस असा झाला. कोंकणच्या जांभ्या दगडाच्या कातळावर, समुद्राच्या वाऱ्यांत, ही जात अशी कांहीं रुजली कीं मूळ गांव मागें पडून रत्नागिरीचेंच नांव तिला कायमचें चिकटलें. १९२० च्या सुमारास बर्न्स आणि प्रयाग या मुंबई इलाख्यांतील शेतकी खात्याच्या दोघां तज्ज्ञांनीं आंब्यावर एक स्वतंत्र ग्रंथच तयार केला. झाडाचें शास्त्र अशा रीतीनें लिहिलें जाऊं लागलें होतें. बाजाराचें शास्त्र अद्याप कोणी लिहिलेलें नव्हतें.

आणि त्याची गरज तर फार मोठी होती. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांत आजचा सिंधुदुर्गहि येत असे. तो १९८१ सालीं वेगळा झाला. एवढ्या लांब किनाऱ्याला रेल्वे नव्हती. कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. घाटांतून जाणाऱ्या वाटा बिकट, म्हणून मुख्य भरंवसा समुद्रावर. पण समुद्राचा रस्ता पावसाळ्यांत बंद होई. हापूस तयार होण्याचा भर एप्रिल-मे महिन्यांत, आणि जून उजाडला कीं बोटी थांबावयाच्या. त्यामुळें साऱ्या किनाऱ्याचा आंबा थोड्याशा आठवड्यांत एकाच मुंबईच्या बाजारावर जाऊन आदळे. आरंभींच्या पेट्यांस सोन्याचा भाव, आणि मे अखेरच्या पेट्यांस कित्येकदां भाडेंहि सुटेना, ही तक्रार जुनीच आहे. फळ नाशवंत, बाजार एक, मुदत आखूड. अशा तिहेरी अडचणींत सांपडलेल्या बागायतदारास दलाल जें देईल तें घेण्यावांचून गत्यंतर नसे. कित्येक जण तर मोहोर दिसतांच बाग खंडानें देऊन मोकळे होत. म्हणजे बाजाराशीं असलेला उरलासुरला संबंधहि तुटे.

शेतमालाच्या बाजाराकडे सरकारचें लक्ष गेलें तें १९२६ सालीं नेमलेल्या शेतकीविषयक रॉयल कमिशनमुळें. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील या कमिशनचा अहवाल १९२८ सालीं बाहेर आला. शेतकऱ्यास चांगलें बियाणें आणि चांगलें खत देऊन भागणार नाहीं. त्याचा माल कोणत्या वाटेनें जातो, वाटेंत किती हात लागतात आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो, याच्या पद्धतशीर पाहण्या झाल्या पाहिजेत आणि त्यासाठीं जाणते अधिकारी नेमले पाहिजेत, असा त्या अहवालाच्या या भागाचा आशय होता. आज हा विचार साधा वाटतो. त्या काळीं शेतकी सुधारणा म्हणजे नांगर आणि विहीर एवढीच कल्पना रूढ असतां, शेताच्या बांधापलीकडे पाहावयास सांगणारा हा विचार नवीन होता.

महाराष्ट्रांत या विचारास पहिलें शास्त्रीय रूप मिळालें तें पुण्यांत. रावबहादूर काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. या संस्थेनें आरंभींच्या काळांत जे विषय हातीं घेतले, त्यांत पुणें शहरांतील फळांच्या बाजाराची पाहणी हा एक होता. धनंजयराव आणि व्ही. आर. गाडगीळ यांनीं लिहिलेला तिचा अहवाल १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९३५ सालीं याच संस्थेनें मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठमोठे सिद्धान्त बाजूस ठेवून, रोजच्या व्यवहारांत पैसा कसा फिरतो हें मंडईंत आणि मोटारतळावर जाऊन पाहावयाचें, ही त्या संस्थेची चाल होती. विश्वविद्यालयांत शिकलेल्या माणसानें वही घेऊन फळवाल्याच्या गाळ्यावर बसावें, ही गोष्ट त्या काळीं विद्वत्तेच्या रूढ कल्पनेंत बसणारी नव्हती.

अशी पाहणी आंखावयाची कशी, हें जरा तपशिलानें पाहण्याजोगें आहे. पहिलें काम प्रश्न नेमका करण्याचें. ‘आंब्याच्या बाजारांत काय चालतें?’ हा प्रश्न नव्हे, ती नुसती जिज्ञासा झाली. ‘ग्राहकाच्या रुपयांतील किती भाग बागायतदाराच्या हातीं पडतो?’ हा प्रश्न झाला. कारण त्याला आंकड्यांत उत्तर आहे. दुसरें काम, विचारावयाचें कोणाला हें ठरविण्याचें. बागायतदार, दलाल, किरकोळ विक्रेता आणि ग्राहक या चौघांस एकाच फळाच्या चार बाजू दिसतात. एकट्या बागायतदारास विचारलें तर सारा दोष दलालाचा ठरतो. एकट्या दलालास विचारलें तर सारा दोष पेटी भरणाऱ्याचा. म्हणून चौघांस विचारून उत्तरें एकमेकांशीं ताडून पाहावीं लागतात.

तिसरें काम वेळेचें. हापुसाचा भाव अक्षय्य तृतीयेस एक आणि मृगाच्या तोंडावर दुसरा. तेव्हां एका दिवसाची पाहणी म्हणजे एका दिवसाचें सत्य. सबंध हंगाम बाजारांत काढल्यावांचून निष्कर्ष काढणें धोक्याचें. चौथें काम तोंडच्या माहितीस कागदाचा आधार शोधण्याचें. फळबाजारांत सौदा कित्येकदां रुमालाखालीं होत असे. विकणारा आणि घेणारा कापडाआड एकमेकांचीं बोटें धरीत आणि बोटांच्या खुणांनीं भाव ठरे. जवळ उभ्या असलेल्या मालकालाहि तो ऐकूं येत नसे. अशा ठिकाणीं सांगितलेला भाव, वहींत लिहिलेला भाव आणि पट्टींत आलेला भाव हे तीन वेगवेगळे असूं शकतात. पाहणी करणाऱ्यानें तिन्ही शेजारीं मांडले पाहिजेत. आणि पांचवें काम नमुना निवडण्याचें. दलाल पाहुण्यास नेहमीं उत्तम पेटी उघडून दाखवितो. पण बाजार उत्तम पेट्यांवर चालत नाहीं, मध्यम पेट्यांवर चालतो. कोणतीहि पेटी उघडण्याची मोकळीक नसेल, तर पाहणी आरंभींच फसली असें समजावें.

एक उदाहरण घेऊं. समजा, ग्राहकानें मोजलेल्या १०० रुपयांपैकीं ४० बागायतदाराच्या हातीं आले. ऐकणारा लागलींच म्हणेल कीं मधल्यांनीं ६० खाल्ले. पण पाहणी करणारा तेथें थांबत नाहीं. या ६० पैकीं पेटी, पेंढा आणि खिळे किती, बोटीचें भाडें किती, हमाली किती, वाटेंत नासलेल्या फळांची तूट किती, दुकानाचें भाडें किती, आणि हें सारें वजा जातां निव्वळ नफा म्हणून कोणाकडे किती उरले, हें तो काढतो. कदाचित् असें दिसेल कीं सर्वांत मोठा तुकडा कोणा लोभी माणसानें नेलेला नसून नासाडीनें नेला आहे. मग उपाय बदलतो. दलालाशीं भांडण्यापेक्षां पेटीची बांधणी सुधारणें जास्त फायद्याचें ठरतें. रोग कोणता हें न ठरवितां औषध देण्याची घाई टळते, हाच पाहणीचा मोठा उपयोग.

पुण्यांत ही विचारपद्धति आकार घेत असतांच मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें त्याहून धाडसाचा प्रयोग आरंभिला होता. मुंबईची एकच बाजारपेठ अपुरी पडते, तर हापूस समुद्रापलीकडे जाईल काय, हा त्याचा प्रश्न होता. १९३२ आणि १९३३ या दोन हंगामांत आंबा युरोपांत पाठवून पाहण्यांत आला, आणि जी. एस. चीमा व पी. जी. दाणी यांनीं त्याचा अहवाल लिहिला. चीमा हे पुण्याजवळच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्राशीं निगडित असलेले सरकारी फलोद्यानतज्ज्ञ. द्राक्षाच्या एका जातीस मिळालेल्या ‘चीमा साहेबी’ या नांवानें त्यांची आठवण मागें राहिली आहे. त्यांचा अहवाल १९३४ सालीं मुंबईच्या शेतकी खात्याची १७० क्रमांकाची पत्रिका म्हणून प्रसिद्ध झाला.

काळ अशा प्रयोगास अनुकूल दिसत होता. साम्राज्यांतील माल ब्रिटनमध्यें खपावा म्हणून तेथें १९२६ सालीं एम्पायर मार्केटिंग बोर्ड स्थापन झालें होतें. सुंदर भित्तिपत्रकांसाठीं तें प्रसिद्ध होतें. परंतु दुकानदारांकडे माणसें पाठवून गिऱ्हाईक चीज कोणतें मागतें, कां मागतें, याचीहि चौकशी तें करीत असे. १९३२ सालीं ओटावा येथें साम्राज्यांतर्गत सवलतींचे करार झाले. परंतु १९३३ सालीं, म्हणजे आंब्याच्या दुसऱ्या हंगामाच्याच वर्षीं, तें बोर्ड बंद करण्यांत आलें. राज्यकर्त्यांचें धोरण एका वर्षांत फिरतें आणि कलमाला फळ धरावयास कित्येक वर्षें लागतात. परदेशी बाजारावर भिस्त ठेवणाऱ्यानें ध्यानांत ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

फळ विलायतेस पाठविणें म्हणजे पेटीवर निराळा पत्ता लिहिणें नव्हे. सुएझच्या मार्गानें लंडनपर्यंतचा प्रवास आठवड्यांचा. तर पिकूं लागलेला हापूस टिकतो दिवसांच्या हिशेबानें. मग फळ किती कच्चें असतां काढावयाचें? फार कोंवळें काढलें तर तें पिकत नाहीं, सुरकुततें. फार जून काढलें तर वाटेंतच पिकून जातें. जहाजावर थंड कोठी असते खरी. पण सफरचंद शून्य अंशाजवळ सुखानें राहतें, तसा आंबा राहत नाहीं. सुमारें १२-१३ अंश सेल्सिअसच्या खालीं फार दिवस ठेवला तर त्याच्या सालीवर डाग पडतात आणि पुढें तो नीट पिकत नाहीं. उष्ण देशाच्या या फळास थंडी बाधते. शिवाय पेटीची खोली, थरांची संख्या, हवा खेळण्यासाठीं ठेवावयाच्या फटी, आणि शेवटीं ज्यानें आंबा जन्मांत पाहिला नाहीं त्या गिऱ्हाइकाची जीभ, इतक्या गोष्टी एकाच वेळीं पारखावयाच्या होत्या. एका हंगामांत चूक कळते, दुसऱ्यांत ती सुधारून पाहतां येते. असा प्रयोग एकाहून अधिक हंगाम चालविण्याचा हा लाभ आहे.

या अहवालानें बाजाराविषयीं जें सांगितलें, त्याहून एक वेगळीच नोंद पुढें चिरस्मरणीय ठरली. कांहीं फळें बाहेरून निर्दोष असत. रंग केशरी, साल तुकतुकीत, वास घमघमीत. सुरी लावली कीं बाठ्यालगतचा गर मात्र फिकट, स्पंजासारखा पोकळ, आंबट आणि बेचव. आसपासचा गर पिकलेला, आणि तेवढाच भाग जणूं पिकावयाचा विसरलेला. कोंकणांत या दोषास साका म्हणतात. बागायतदारांस तो ठाऊक होता. पण शास्त्रीय वाङ्मयांत त्याची पहिली नोंद म्हणून याच १९३४ च्या अहवालाकडे बोट दाखविलें जातें. आंबा खपेल काय हें पाहावयास निघालेल्या संशोधनाच्या हातीं आंब्याच्या पोटांतला रोग लागला.

या नोंदीचें महत्त्व समजण्यासाठीं ग्राहकाच्या जागीं उभें राहून पाहावें. मुंबईच्या घरांत डझनभर आंबे येतात. त्यांतला एक साक्याचा निघाला तर गृहिणी चुकचुकते आणि दुसरा कापते. हापूस काय चीज आहे हें तिला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. एका फळानें तिची श्रद्धा ढळत नाहीं. परंतु परदेशीं ज्यानें कुतूहलानें एकच फळ महाग किंमतीस घेतलें आणि तेंच साक्याचें निघालें, त्याच्या लेखीं हापूस म्हणजे तेंच. तो तक्रार करीत नाहीं. तो फक्त पुन्हां घेत नाहीं. बाजारांतील सर्वांत मोठें नुकसान असें मुकाट्यानें होतें, आणि कोणत्याहि पट्टींत त्याची वजावट दिसत नाहीं.

येथें संशोधकाच्या सचोटीचाहि प्रश्न येतो. ज्या फळाची विलायतेंत वाखाणणी व्हावी म्हणून खटपट चालली आहे, त्याच फळाचा दोष सरकारी अहवालांत छापावयाचा कीं नाहीं? झांकून ठेवावा असा मोह कोणासहि झाला असता. बागायतदारांस वाईट वाटेल, व्यापारी म्हणतील कीं मालाची बदनामी झाली. तरीहि ती नोंद छापली गेली, आणि म्हणूनच पुढच्या संशोधकांस आपलें काम कोठून सुरू करावयाचें हें कळलें. आपल्याला हवें तेंच उत्तर मिळविण्यासाठीं केलेली पाहणी ही जाहिरातच होय. नको असलेलें उत्तर आलें असतां तें लिहून ठेवणारी पाहणीच खरी.

त्यानंतर सरकारी पातळीवर पावलें झपाट्यानें पडलीं. १९३५ सालीं हिंदुस्थान सरकारचें शेतमाल-विक्री सल्लागाराचें कार्यालय सुरू झालें आणि ए. एम. लिव्हिंग्स्टन हे पहिले सल्लागार झाले. एकेका जिनसाच्या देशव्यापी पाहण्या सुरू झाल्या आणि त्यांचे अहवाल छापले जाऊं लागले. त्या पाठोपाठ १९३७ चा प्रतवारी व खुणेचा कायदा आला. आज तूप-मसाल्याच्या डब्यावर दिसणारी ॲगमार्कची खूण याच कायद्याचें अपत्य. अगोदर पाहणी, मग प्रतवारी, मग कायदा, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांविषयींचा कायदा झाला. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि समुद्रावर फळापेक्षां तोफगोळ्यांस जागा अधिक लागूं लागली. हापुसाचें युरोपचें स्वप्न कांहीं काळ मागें पडलें.

साक्याचा शोध मात्र थांबला नाहीं. तयार फळ झाडावर अधिक काळ राहिलें तर दोष वाढतो, तापलेल्या जमिनीची धग त्यास पोषक होते, असें निरनिराळ्या अभ्यासांतून दिसूं लागलें. म्हणून फळ वेळेवर काढावें, काढलेलें फळ उन्हांत पडूं देऊं नये, झाडाखालीं पाल्याचें आच्छादन घालावें, असे उपदेश निघाले. १९९३ सालीं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं क्ष-किरणांनीं फळ न कापतां साका ओळखतां येतो असें दाखविलें. पुढें बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या दोषाचा संबंध बाठ्याशीं जोडला. फळ झाडावर असतांच आंतील बीं रुजण्याच्या तयारीस लागतें आणि त्याचा परिणाम सभोंवतालच्या गरावर होतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे. फळाचा धर्म बीं वाढविण्याचा आणि माणसाचा हट्ट गर खाण्याचा. त्या दोहोंच्या ओढाताणींत हा दोष उपजतो असें म्हणावयास हरकत नाहीं.

दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. त्यानें नीलम आणि हापूस यांच्या संकरांतून ‘रत्ना’ ही जात काढून १९८१ सालीं प्रसृत केली. तिच्यांत साका नाहीं आणि ती दरवर्षीं फळ धरते. हापुसाच्या दोन्ही मोठ्या खोडी तिनें टाळल्या. शास्त्राच्या दृष्टीनें प्रश्न सुटला असें वाटावें. पण बाजारानें निराळाच कौल दिला. रत्ना आली, लागवडींतहि गेली, परंतु मानाचें पान हापुसाकडेच राहिलें. ग्राहक दोष मोजून गुणांतून वजा करीत नाहीं. तो वासासाठीं, चवीसाठीं, आजोळच्या आठवणीसाठीं पैसे देतो आणि एखाद्या फळाचा धोका पत्करतो. बाजाराची पाहणी करणाऱ्यास हा धडा फार मोलाचा आहे. वस्तु चांगली कोणती हें प्रयोगशाळा सांगूं शकते; हवी कोणती, हें घेणाऱ्यासच विचारावें लागतें.

परदेशचा बाजारहि पुढें पुन्हां उघडला. २००७ सालीं अमेरिकेनें विकिरण प्रक्रियेच्या अटीवर भारतीय आंबा घेण्यास सुरुवात केली आणि नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांतून आंब्याच्या पेट्या तिकडे गेल्या. उलट २०१४ च्या मे महिन्यांत, ऐन हंगामांत, युरोपीय संघानें फळमाशीच्या भयानें भारतीय आंब्यास दार बंद केलें आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं तें उघडलें. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें आणि पालघर या पांच जिल्ह्यांपुरतें हें नांव राखून ठेवण्यांत आलें. दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून खपवूं नये हा त्याचा हेतु. पण नांवास संरक्षण मिळालें म्हणजे नांवाची जबाबदारीहि वाढली. पेटीवर रत्नागिरी लिहिलें असतां आंत जें निघेल, तें आतां साऱ्या रत्नागिरीच्या खात्यावर मांडलें जाणार.

आगबोटी गेल्या, घाटरस्त्यांनीं रात्रींतून मालमोटारी धांवूं लागल्या, मुंबईचा घाऊक फळबाजारहि क्रॉफर्ड मार्केट सोडून १९९० च्या दशकांत वाशीस गेला. बागायतदार आणि ग्राहक यांच्यांतील अंतर मैलांनीं कमी झालें. बातमीचें अंतर तितकेंच कमी झालें आहे काय, हें प्रत्येक बागायतदारानें आपल्यापुरतें तपासून पाहावें. त्यासाठीं मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पेटीवर बागेची आणि काढणीच्या दिवसाची खूण घालावी, घेणाऱ्यांतील दहा-वीस घरांस हंगामाच्या शेवटीं विचारावें, साक्याचीं फळें किती निघालीं हें लिहून ठेवावें, आणि पुढच्या वर्षीं त्या खुणांशीं ताडून पाहावें. चीमा आणि दाणी यांचें काम याच जातीचें होतें. त्यांची वाट मात्र समुद्रापलीकडे जात होती.

घरोघरचे वाचकहि या कामांत निमित्तमात्र नाहींत. येत्या हंगामांत हापूस कापतांना बाठ्यालगत तो फिकट पोकळ डाग दिसला, तर फोड टाकून देण्यापूर्वीं पेटीवरचें नांव पाहून ठेवावें आणि विकणाऱ्यास तें सांगावें. रागानें नव्हे, माहिती म्हणून. पट्टींत जी ओळ कधींच लिहिली गेली नाहीं, ती लिहिण्याचें काम शेवटीं सुरी हातांत असलेल्या माणसाचेंच आहे.